डाव्या नळीची फुंकर

बंदूक विकत घेणार असं मी जाहीर केलं त्या रविवारी नवऱ्याने पोहे अर्धे टाकले. पुणेरी माणूस पोहे टाकतो म्हणजे प्रकरण गंभीर.

"लायसन्स काढलंस, मी काही बोललो नाही," तो म्हणाला. "दुसऱ्यांच्या बंदुका मागून ससे मारलेस, तांबडा रस्सा केलास, तोही मी खाल्ला. पण आता बंदूक घरात?"

"रस्सा दोनदा मागून खाल्लास," मी म्हटलं.

आमचं घर सातासमुद्रापार, टार्निटला. आजूबाजूला सगळी एकसारखी नवी घरं, एकसारखी गॅरेजं. मी मूळची कोल्हापूरची, क्लेटनच्या विद्यापीठात शिकायला आले आणि इथलीच झाले. काम पाइपांचे जोड तपासायचं. वेल्डमध्ये केसाएवढी चीर असली तरी मला ती सापडते आणि सापडली की मी कुणाच्या बापाला भीत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाने मला पहिल्यांदा सशांच्या शिकारीला नेलं. इथे ससा म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्याला ताप, मारलात तर वर चहा पाजतात. मला ते आवडलं. का आवडलं ते विचारू नका, काही गोष्टी आवडतात.

तीन दिवस धुसफूस करून चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "घे. पण एक अट. आपल्या पोरीला जिच्या शेजारी उभं करता येईल, तसली घे. तशी नाही मिळाली तर घ्यायचीच नाही."

लेक पंधरा वर्षांची. दर खेपेला माझ्याबरोबर यायची आणि माझ्या डाव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर उभी राहायची. तिथून तिला सगळं दिसतं आणि माझा कोपर लागत नाही. नवऱ्याची अट मला मान्यच होती. खरं सांगायचं तर त्याच्या आधी मीच ती स्वतःला घालून ठेवली होती.

नव्या बंदुका मला जड पडत. खांद्याला टेकवायचा लांब लाकडी दस्ता काखेत अडकायचा, संध्याकाळी खांदा काळानिळा. मला हवी होती जुनी अमेरिकन दुनळी, दोन नळ्या शेजारी शेजारी असलेली, हलकी, हाताने घासून जुळवलेली. बॅलरॅटच्या पुढे एका लहान गावात एक म्हातारा बंदूकविक्या होता. त्याने काउंटरवर हिरवं कापड अंथरलं आणि तीन ठेवल्या.

पहिलीवर जीवच जडला माझा. काडतुसावर आपटणारे दोन घोडे बाहेरच, नळ्यांवर सगळीकडे वेलांट्या. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, वेटोळं करून बनवलेली नळी ती. विक्या म्हणाला, "देखणी आहे ना? भिंतीवर टांग. आजचं काडतूस घातलंस तर ही वेटोळी सुटतील." मी ती बाजूला सरकवली. नळीच्या भिंतीत शेकडो जोड, आणि त्यातला प्रत्येक जोड माझ्या खापरपणजोबांच्या वयाचा! छे.

दुसरी बदकांसाठीची, जवळजवळ दोन हात लांब नळ्यांची. दोन्ही नळ्या तोंडाशी गच्च आवळलेल्या, म्हणजे छर्रे लांबपर्यंत एकत्र जाणार. पंचवीस पावलांवरच्या सशाचा तिने खिमा झाला असता.

तिसरी राखाडी, साधी. घोडे आत लपलेले, कोरीवकाम नावाला. उजवी नळी तोंडाशी मोकळी, जवळच्या सशासाठी. डावी आवळलेली, पळणाऱ्यासाठी. सलग पोलाद. मी ती खांद्याला लावली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा नजर बरोबर नळ्यांच्या मधल्या पट्टीवरून टोकाच्या मण्यावर होती. जुन्या अमेरिकन बंदुकांचे दस्ते लांब असतात, खाली झुकलेले असतात, माझ्या आखूड मानेला कधीच बसत नाहीत. हा बसला, कारण तो मागून चांगला दोन बोटं कापलेला होता.

विक्याने नळ्या सुट्या केल्या, भिंतीची जाडी मोजून दाखवली, आत दिवा धरला. आत आरशासारखं लख्ख. "या नळ्यांतून फारसं काही उडालेलंच नाही," तो म्हणाला. मग त्याने नळ्या एका बोटावर लटकवल्या आणि पेन्सिलीने टिचकी मारली. आपण माठ घेताना मारतो तशीच. तडा गेलेला माठ बद्द वाजतो, चांगला खणखणतो. ही खणखणली, आणि वाजतच राहिली. त्याने तळहाताने धरून ती थांबवली तरी मला वाटलं, आवाज अजून आहे. त्याने माझ्याकडे बघितलं.

"नंबर जुळत नाहीत," मी म्हटलं. नळ्यांवर एक नंबर, खालच्या सांगाड्यावर दुसरा.

"नळ्या नंतर बदलल्यात. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या बंदुकीच्या आहेत. बसवल्यात मात्र सुरेख."

"का बदलल्या?"

तो चष्मा पुसायला लागला. "मालक वारला. बायको विकतेय, तिला लायसन्स नाही ना. घेणाऱ्याला आधी भेटायचं म्हणते. तिलाच विचार."

बाईंचं घर तिथून वीस मिनिटांवर. लाकडी, एकटं, मागे सायप्रसच्या काळ्या झाडांची रांग आणि त्यापलीकडे मोकळी कुरणं. ऐंशीच्या पुढे असतील. डोळे जवळजवळ गेलेले. दार उघडून त्या माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी बघत राहिल्या. चहा दिला. मग म्हणाल्या, "हात पुढे कर, लव्ह." मी केला. त्यांनी माझ्या कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत टिचा टाकत मोजलं, बंदुकीचा दस्ता मोजतात तसंच.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"दस्ता कुणाच्या मापाने कापलाय?"

"घरातल्याच." आणि लगेच, "तुला मुलंबाळं?"

"एक मुलगी. पंधरा वर्षांची. ती येते माझ्याबरोबर."

त्यांनी कप खाली ठेवला. नळ्या का बदलल्या हे विचारायचं मी ठरवून आले होते, पण त्यांचा चेहरा बघून माझी जीभच उचलेना. माझी! जी सुपरवायझरला तोंडावर मूर्ख म्हणते.

"भरायच्या आधी फुंकायचं," त्या म्हणाल्या. "बंदूक मोडायची, म्हणजे बिजागरीवर उघडायची, तोंड जमिनीकडे करायचं, आणि मागून दोन्ही नळ्यांत फुंकायचं. एकेक. बघायचं नाही, फुंकायचं. माझा नवरा तसंच करायचा. मला दिसत नव्हतं, पण स्वयंपाकघरात ऐकू यायचं. एक सूर वर, एक जरा खाली. दोन्ही आले की मी म्हणायचे, चला."

मी मान हलवली, मग लक्षात आलं त्यांना दिसत नाही, म्हणून तोंडाने "हो" म्हटलं. निघताना व्हरांड्यात शूज घालत होते. वारा पडलेला, ऊन सरळ कुरणावर. शेडच्या मागून आवाज आला. हूऽऽ. मग थोडा खाली, हूऽऽ. आणि बंद.

"चार वाजले," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी घड्याळ बघितलं. चारच वाजले होते. गाडीत बसून मी स्वतःची समजूत काढली की कबूतर असणार. इथलं एक रानकबूतर असंच घुमतं. पण ते घुमायला लागलं की घुमतच बसतं, दोनदा बोलून गप्प होत नाही. अंगावर काटा आला तो टार्निट येईपर्यंत गेला नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढी कोल्हापूरची वाघीण, कबुतराला घाबरलीस होय!"

परमिट आलं, बंदूक घरी आली. गॅरेजमध्ये भिंतीला बोल्ट मारलेली सेफ, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या माझ्याकडे. दोन-तीनदा क्लबमध्ये मातीच्या चकत्यांवर चालवून बघितली. उजवी, डावी, दोन्ही लोण्यासारख्या. भरायच्या आधी मी नळ्या आकाशाकडे धरून आतून बघायची. दोन गोल उजेड दिसले की झालं. फुंकलं नाही. मी डोळ्यांवर भरवसा ठेवणारी बाई. फुंकणं हे चुलीचं काम, असं माझं मत.

मग नवरात्र आलं. इथले ऋतू उलटे, त्यामुळे ते वसंतात येतं, पण खंडेनवमीला शस्त्रं पुजायची ती पुजायचीच. दरवर्षी आमच्याकडे पाटावर काय असायचं? विळी, नवऱ्याचा लॅपटॉप, माझा जाडी मोजायचा मीटर, गाडीची किल्ली. यंदा घरात पहिल्यांदाच खरं शस्त्र होतं. आणि गंमत बघा, ज्याने पोहे टाकले होते, तोच सोवळं नेसून सगळ्यात पुढे!

सेफमधून बंदूक मी काढली, पाटावर ठेवली. हळदकुंकू वाहिलं. सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. त्या म्हणाल्या, "अक्षता वाहा गं. आणि नळीला फूल नाही का? आमच्याकडे तलवारीच्या मुठीला लावायचे. शोभतं."

झेंडू होते, मागच्या अंगणातलेच. मी एकेक घेतला आणि नळीच्या तोंडात खोचला. उजव्या नळीत सहज बसला. डावीचं तोंड आवळलेलं, तिथे जाईना, म्हणून मी अंगठ्याने दाबला. ओल्या कुंकवाच्या अक्षताही त्याच्यावर पडल्या. लेकीने फोटो काढला. "मम, इट लुक्स सो प्रिटी," ती म्हणाली. दिसतही होती. मला भरून आलं. एवढी परकी वस्तू, तिला आपण आपल्यात घेतली असं वाटलं.

आणि मग बंदूक तशीच, फुलांसकट, सेफमध्ये उभी केली. कायद्याने बाहेर ठेवता येत नाही आणि पूजेतल्या शस्त्राची फुलं दसऱ्यापर्यंत काढायची नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसरा, त्यात शनिवार. नवरा म्हणाला, "सीमोल्लंघन करा." बाईंनी त्यांच्या कुरणात ससे मारायची परवानगी दिली होतीच. दुपारी गडबडीत निघालो, मी आणि लेक. उजव्या नळीतलं फूल मी ओढलं, अख्खं आलं. डावीतलं ओढलं तर पाकळ्या हातात आल्या. उरलेलं सेफमध्ये गळून पडलं असेल म्हटलं. एरवी मी नळ्या सुट्या करूनच पिशवीत घालते. त्या दिवशी घातल्या नाहीत. पुजलेली वस्तू आहे, दसऱ्याच्या दिवशी कशाला मोडायची, अखंड राहू दे. असं आलं मनात. वेल्ड तपासणाऱ्या बाईच्या मनात!

बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. लेकीचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण जवळ बोलावलं नाही. "ससे झाडांच्या पलीकडे आहेत," एवढंच म्हणाल्या.

सायप्रसच्या रांगेत आत अंधारच असतो, भर दुपारीही. पायाखाली सुयांचा थर, आवाज होत नाही. पक्षी नाही, मेंढरू नाही. पलीकडच्या टोकाला उजेडात मी थांबले. लेक माझ्या डाव्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. तीस पावलांवर उघड्यावर एक ससा बसलेला. इतका निवांत, की जणू सांगून ठेवलाय.

घाई झाली हो. ससा बसून राहत नाही. मी बंदूक मोडली, दोन काडतुसं टाकली, बंद केली. आत बघितलंसुद्धा नाही. खांद्याला लावली. डावी आधी, कारण तो लांब होता. बोट चापावर गेलं.

हूऽऽ.

अगदी मागे. माझ्या आणि लेकीच्या मध्ये, कानाशी. वरचा सूर.

मी थांबले. बोट तसंच. दुसरा येईल म्हणून थांबले. जरा खालचा. तो येतोच, मी ऐकला होता. मी वाट बघत राहिले आणि तो आला नाही. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. एक सूर आला होता आणि एक जागा रिकामी होती, आणि ती रिकामी जागा माझ्या मानेवर बसली होती.

"मम?" लेक कुजबुजली. "वॉज दॅट यू?"

"गप्प बस!" मी खेकसले. तिच्यावर नाही, भीतीने. बोट चापावरून काढलं. बंदूक मोडली, काडतुसं खिशात टाकली. तोंड जमिनीकडे केलं, ओठ उजव्या नळीला लावले आणि फुंकलं.

हूऽऽ.

डाव्या नळीला लावले. फुंकलं. काहीच नाही. माझा श्वास परत माझ्याच तोंडात आला, आणि त्याला झेंडूचा वास होता.

काटकी घेऊन टोचलं तेव्हा तो बाहेर आला. केशरी गोळा, दबलेला, ओला, कुंकवाच्या तांदळांनी घट्ट झालेला. तुंबलेल्या नळीतून बार काढला तर काय होतं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पोलाद तिथेच फुटतं, आणि डावी नळी डावीकडे फुटते. हातभर अंतरावर. मी तीन बंदुका तपासल्या होत्या, जाडी मोजली होती, नंबर बघितले होते, टिचकी मारून सूर ऐकला होता. आणि हे फूल माझ्याच अंगठ्याने दाबलं होतं. थू माझ्या जिनगानीवर, असं मी मोठ्याने म्हटलं. लेकीला कळलं नाही. तिने माझ्या हातातला गोळा बघितला आणि मग कळलं, आणि ती माझ्यापासून दोन पावलं मागे सरली.

ससा अजून तिथेच होता. मग तो गेला.

मी डाव्या नळीत पुन्हा फुंकलं. आला, खालचा सूर.

घराकडे परत आलो तेव्हा बाई उभ्या होत्या, दोन्ही हातांनी व्हरांड्याचा कठडा धरून. चेहरा पांढराफटक. "एकच आला," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं. एकच आला. मग परत एकच. मग बऱ्याच वेळाने दुसरा." आणि घाबरून, "मुलगी कुठे आहे?"

"इथेच आहे," मी म्हटलं. "पहिल्यांदा आला तो... ते मी नव्हतं फुंकलं."

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "तुझी फुंक वेगळी आहे."

मग त्यांनी सांगितलं, उभ्याउभ्याच. दस्ता त्यांच्या मुलीच्या मापाने कापलेला. तीही पंधराची. कुंपण ओलांडताना नळीचं तोंड पलीकडच्या चिखलात टेकलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. समोर ससा होता. बापाने घाईघाईने काडतुसं भरून बंदूक तिच्या हातात दिली. डावी नळी फुटली.

"त्याने नव्या नळ्या आणून बसवल्या," बाई म्हणाल्या. "लोक म्हणाले, फेकून दे. कशी फेकणार? त्या लाकडात तिचं माप होतं. त्याने पुन्हा एक बार काढला नाही. फक्त रोज चार वाजता सेफमधून काढायचा, दोन्ही नळ्यांत फुंकायचा आणि ठेवून द्यायचा. रोज. मरेपर्यंत." त्या थांबल्या. "मी तुला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू नेली नसतीस, आणि मला ती तुझ्याकडेच जायला हवी होती. तुझी मुलगी येते म्हणालीस ना. म्हटलं, तो बघेल."

मला त्यांचा संताप आला. खरंच आला, आणि लगेच विरून गेला, कारण फूल मी खोचलं होतं.

"तिला इकडे पाठव," त्या म्हणाल्या.

लेक पायऱ्या चढून गेली. आमची लेक परक्याला हातही लावू देत नाही, पण उभी राहिली. बाईंनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. उजवी बाजू एकदाच चाचपली. मग डावी, सावकाश. भुवई, मिटलेला डोळा, गाल, जबडा. कानाच्या पाळीपर्यंत बोटं गेली आणि परत आली, पुन्हा डोळ्यावर गेली.

"आहे," त्या म्हणाल्या. "सगळं आहे."